इंग्रजीत बोलायचे, पण कशाविषयी?

#धागा

सहावी-सातवीच्या मुलांना इंग्रजीत बोलते करण्यासाठी विषय कोणते द्यावेत, हा प्रश्न शिक्षकांच्या प्रशिक्षणात अगदी आजचा म्हणून मांडला जातो. वस्तुतः तो दोन शतकांहून जुना आहे. अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, इतिहासातून त्याचा माग काढला की एक गोष्ट ठळकपणे दिसते: संभाषणाचा विषय कोण ठरवतो, यावर वर्गात कोण बोलणार हे अवलंबून असते.

आरंभ उलट्या दिशेने झाला. ऑगस्ट १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने नगरचा भुईकोट किल्ला जिंकला. दोनच वर्षांनी, १८०५ मध्ये, विल्यम केरीचे मराठी व्याकरण श्रीरामपूर येथे छापून निघाले. (हे बंगालमधील श्रीरामपूर, नगर जिल्ह्यातील नव्हे. या नामसाधर्म्याने अनेकांना चकवले आहे.) कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकणारे कंपनीचे तरुण अधिकारी हा या पुस्तकाचा वाचक. केरीला साहाय्य वैजनाथ पंडितांचे होते. व्याकरणाच्या जोडीला पुस्तकात ‘परिचित विषयांवरील संवाद’ दिले होते.

परिचित म्हणजे कोणाला परिचित? केरीने १८०१ मध्ये बंगालीसाठी असेच संवादांचे पुस्तक सिद्ध केले होते. त्यात साहेब आणि चाकर, सावकार आणि ऋणको, मजुरांचे बोलणे, बायकांचे कडाक्याचे भांडण असे प्रसंग आहेत. मुलूख चालवू पाहणाऱ्या परक्याच्या कानावर जे पडणार, नेमके तेच. हेतू राज्यकर्त्यांचा असला तरी अध्यापनाच्या दृष्टीने ही निवड शहाणपणाची होती, कारण विषय शिकणाऱ्याच्या गरजेतून आला होता. पुढे भूमिका पालटल्या. शिकणारा एतद्देशीय झाला, भाषा इंग्रजी झाली. विषय मात्र साहेबाचाच राहिला.

अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला ठाणे केले. १८३९ पासून सिंथिया फरार या अविवाहित अमेरिकन शिक्षिका येथे मुलींच्या शाळा चालवू लागल्या आणि १८६२ मध्ये मृत्यू येईपर्यंत येथेच राहिल्या. मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्यासह जोतीराव फुले यांनी ही शाळा पाहिली आणि त्यातून पुण्यातील मुलींच्या शाळेला चालना मिळाली, ही हकीकत प्रसिद्ध आहे. सावित्रीबाईंच्या अध्यापन-प्रशिक्षणाशीही फरारबाईंचे नाव जोडलेले आहे. सावित्रीबाईंच्या १८५४ च्या ‘काव्यफुले’ या संग्रहात इंग्रजीला ‘माऊली’ म्हणणारी कविता आहे. इंग्रजी ही त्यांच्या लेखी केवळ साहेबाच्या कचेरीची भाषा नव्हती. शूद्रातिशूद्रांना नाकारल्या गेलेल्या ज्ञानाची ती वाट होती.

नेमक्या याच सुमारास, १८५४-५५ मध्ये, मिशनच्या अमेरिकेतील मंडळाचे चिटणीस रूफस अँडरसन हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले. त्यांचे मत ठाम होते: इंग्रजी शिकलेली मुले मिशन सोडून नोकरीमागे जातात, म्हणून शिक्षण देशी भाषेतच द्यावे. या धोरणाने जाफन्यातील बट्टीकोटा येथील नामांकित विद्यालय १८५५ मध्ये बंद पडले. मराठी मिशनच्या शाळांतही इंग्रजी मागे हटली. मातृभाषेतून शिक्षण हे तत्त्व योग्यच. परंतु येथे ते मुलांच्या आकलनासाठी नव्हे, तर मुले हातची जाऊ नयेत म्हणून वापरले गेले. हा फरक फार मोठा आहे.

आता त्याच वर्षातील दुसरी घटना पाहा. १८४२ मध्ये नगरला सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’ नियतकालिकात १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये एक निबंध दोन भागांत प्रसिद्ध झाला. विषय होता मांग-महारांचे दुःख. लेखिका मुक्ता साळवे ही फुल्यांच्या पुण्यातील शाळेची विद्यार्थिनी. वयाने आजच्या माध्यमिक शाळेतील मुलीएवढी. ज्या धर्मात एकानेच भोगावे आणि बाकीच्यांनी पाहत राहावे, त्या धर्माला ती जाब विचारते. डोक्यावर छप्पर नसताना थंडी-पावसात बाळंत होणाऱ्या बायकांविषयी ती लिहिते. निबंध मराठीत आहे, इंग्रजीत नाही. मात्र या वयाच्या मुलांपुढे कोणते विषय ठेवावेत, याविषयी आजवर झालेल्या बहुतेक चर्चेपेक्षा तो अधिक सांगून जातो. मुलांना सोपा विषय हवा असतो, ही समजूत तरी तो नक्कीच खोटी ठरवतो.

यापुढचा शंभर वर्षांचा प्रवास थोडक्यात सांगता येईल, कारण संभाषणाच्या अंगाने त्यात फारसे घडलेच नाही. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि मॅट्रिकची परीक्षा हे इंग्रजी शिक्षणाचे दैवत बनले. परीक्षा लेखी, त्यामुळे तयारीही लेखी. द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांच्या ‘भाषांतर पाठमाले’ने पिढ्यान् पिढ्यांना मराठीतून इंग्रजीत वाक्ये उतरवायला शिकवले. तिचे ऋण मोठे आहे. तथापि सुटे वाक्य कोणाला उद्देशून नसते. त्याला उत्तर द्यावे लागत नाही. मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यातील पी. सी. रेन यांनी इंग्रजी थेट इंग्रजीतूनच शिकवण्याचा पुरस्कार करणारे पुस्तक लिहिले. पण नाव राहिले ते ‘रेन अँड मार्टिन’ या व्याकरणासाठी! स्वातंत्र्याच्या सुमारास बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने पाचवी ते सातवीच्या वर्गांतून इंग्रजी काढून ती आठवीपासून ठेवली. पुढे ती पाचवीला परतली, आणि रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना २००० सालापासून पहिलीतच सुरू झाली. इंग्रजी कितवीपासून, यावर महाराष्ट्र अर्धशतक भांडला. इंग्रजीत बोलायचे कशावर, यावर भांडण झाले नाही.

त्या प्रश्नाचे सर्वांत उपयुक्त उत्तर दक्षिणेतून आले. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी बंगळूरसह दक्षिणेतील साध्या शाळांत एक प्रयोग केला. मुलांना व्याकरण न सांगता कोडी द्यायची: रेल्वेचे वेळापत्रक, नकाशा, घराचा आराखडा. अमुक गावाहून तमुक गावी दुपारपूर्वी पोहोचायचे तर कोणती गाडी धरावी? प्रभूंनी अशा कामांचे तीन प्रकार मानले. एकाकडे असलेली माहिती दुसऱ्याला देणे; दिलेल्या माहितीवरून तर्काने काही ठरवणे; आणि स्वतःचे मत मांडणे. नवशिक्यांसाठी त्यांना दुसरा प्रकार सर्वांत फलदायी वाटला. मत मांडण्याचे काम त्यांनी पुढे गेलेल्यांसाठी राखले. आपल्या वर्गांत मात्र सुरुवातच ‘तुझा आवडता सण कोणता’ येथून होते. मूल दोन शब्दांत उत्तर देते आणि संभाषण संपते.

तर्काला खाद्य पुरवणारे प्रसंग नगरच्या इतिहासात विपुल आहेत. डिसेंबर १५९५ मध्ये शहजादा मुरादच्या मोगल फौजेने किल्ल्याला वेढा घातला. सुरुंगाने तट फुटला. चांदबिबीने खिंडार रातोरात बुजवून घेतले. अखेर वऱ्हाड देऊन तह झाला. आत धान्य किती, बाहेर शत्रू किती, मदत किती अंतरावर, एवढे फळ्यावर लिहून ‘तुम्ही तह कराल की लढाल’ असे विचारता येते. येथे ‘कारण’ आणि ‘जर-तर’ यांची इंग्रजी रूपे मुलांना आपोआप लागतात.

पण त्याहून जवळचा विषय उसाचा आहे. १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेकाठी सहकारी साखर कारखान्याचा गाळप हंगाम सुरू झाला आणि जिल्ह्याचा उत्तर भाग पालटला. दक्षिणेकडील पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या कोरडवाहू गावांतून मात्र दसरा-दिवाळीनंतर जोडपी ऊसतोडीला बाहेर पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल. फडाशेजारी उभारलेली कोपी. पाडव्याच्या सुमारास परतणाऱ्या त्यांच्या मुलाला ‘सुट्टीत काय केलेस’ किंवा ‘तुझ्या घराचे वर्णन कर’ असा संभाषणाचा विषय मिळाला, तर ते गप्प बसते. इंग्रजी येत नाही, अशी त्या गप्प बसण्याची नोंद होते.

त्याच्याकडून त्याच्या दारिद्र्याचे वर्णन वदवून घेणे हाही मार्ग नव्हे. भर वर्गात तो छळच ठरेल. प्रभूंची रीत येथे कामी येते. एका कोयत्याने उचल इतकी घेतली, टनाला दर इतका, दिवसाची तोड इतकी. तर फिटायला दिवस किती? आणि मध्ये चार दिवस पाऊस पडला तर? उत्तरेकडच्या बागायतदाराच्या मुलाला कारखान्यात तोडीचा नंबर कसा लागतो, गाडी काट्यावर कधी जाते, हे ठाऊक असते. तोडकऱ्याच्या मुलीला एक मोळी बांधायला किती वेळ लागतो आणि पाऊस झाल्यावर फडात गाडी का रुतते, हे ठाऊक असते. हिशेब पुरा करायचा तर दोघांना एकमेकांना विचारावे लागते. त्यासाठी लागणारे इंग्रजी शब्द वीस-पंचवीसच असतील: किती, केव्हा, का, टन, दिवस, वजन, पाऊस, कोण देणार.