स्थान, ओटा आणि छपराखालचे ड्रोन

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात (स्थापना १९७२) यंत्रमानव, ड्रोन आणि स्वयंचलित वाहने यांवर आधारलेल्या डिजिटल शेतीचे काम राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्पातून उभे राहिले. मराठीच्या अध्यापकांना त्याचे काय, असे कोणी विचारील. आमचे कुतूहल फवारणीविषयी नाही, ड्रोनच्या एका जुन्याच अडचणीविषयी आहे.

उघड्या शिवारात ड्रोनला सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरील उपग्रहांकडून आपला ठावठिकाणा कळतो. पत्र्याच्या गोदामात शिरताच तो क्षीण संदेश लोपतो. मग यंत्र आपली पावले मोजू लागते. खालची जमीन किती सरकली हे कॅमेऱ्याने पाहते, आपण किती झुकलो हे संवेदकाने जाणते आणि त्यावरून अंदाज बांधते. प्रत्येक पावलाची चूक पुढच्यात मिसळते, म्हणून अधूनमधून एखादी ठाम खूण लागते. कोपऱ्यांत बसवलेले रेडिओ-खांब अंतर सांगतात, किंवा भिंतीवरचे काळे-पांढरे चौकोन ओळख पटवतात. अंदाज आणि खूण यांचा मेळ घालणारे गणित रुडॉल्फ काल्मान यांनी १९६० साली मांडले.

खुणेवरून स्थान सांगण्याची ही रीत मराठी गद्याला मात्र अपरिचित नाही. महानुभावांची ‘स्थानपोथी’ चौदाव्या शतकातली. चक्रधरस्वामी कोठे बसले, कोठे निजले, याची ती नोंद. गावाच्या कोणत्या दिशेला देऊळ, त्याचे दार कोणीकडे, आत शिरल्यावर स्थान कोणत्या बाजूला, अशी ती वाचकाला बोट धरून नेते. अक्षांश नाही, रेखांश नाही. आहे ती केवळ एका वस्तूची दुसरीशी सोयरीक. आम्ही वर्गात तिच्याकडे पंथीय वाङ्मय म्हणून पाहतो आणि भाषेची रूपे मोजून मोकळे होतो. हा करंटेपणाच म्हणायचा.

पुढे १८०२ साली विल्यम लँब्टनने मद्रासपासून त्रिकोणमितीय मोजणी आरंभिली. एक पायारेषा काटेकोर मोजायची, मग कोनांवरून दूरची शिखरे बांधून घ्यायची, अशी तिची पद्धत. १८२३ मध्ये वर्ध्याजवळच्या हिंगणघाटला लँब्टन वारला. त्याची कबर तेथेच आहे. त्याच्या नकाशाला दरवाजांची गरज नव्हती. देऊळ पडले तरी बिंदूचे आकडे तेच राहतात.

पोथीचे तसे नाही. दार बुजवले, ओसरी पाडली, की वाक्य अर्थपूर्ण राहूनही वाट चुकवते. महानुभावांनी म्हणूनच स्थानांवर ओटे बांधले असावेत, असे आम्हांस वाटते. पूजेची गरज होतीच, पण खूणही हवी होती. गोदामातल्या ड्रोनलाही हाच धोका आहे. काल डावीकडे असलेली पोत्यांची थप्पी आज उचलली गेली, की त्याच्या स्मरणातला नकाशा खोटा ठरतो.

गोदाकाठच्या गावांतून जुनी देवळे पाडून सिमेंटची नवी उभी राहत आहेत. पोथीतले ‘डावीकडे’ आज कशाच्या डावीकडे, हे सांगू शकणारी माणसे अजून आहेत. पुढच्या सहलीत विद्यार्थ्यांच्या हाती पोथीबरोबर मोजपट्टीही द्यावी, असा आमचा विचार आहे.