तेरडा: बांधावरचा आणि परसातला

आज आपण तेरड्याचा इतिहास ऐकणार आहोत. तुम्ही म्हणाल, तेरड्याला कसला आलाय इतिहास? पाऊस पडला की बांधावर उगवतो, गौरी गेल्या की वाळून जातो. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ असं आपणच म्हणतो. पण तीन दिवसांच्या या रंगानं अर्धं जग पाहिलंय.

तेरडा आपल्या मातीतला आहे. त्याच्या कुळात जगभरात हजाराच्या आसपास जाती आहेत आणि एकट्या सह्याद्रीच्या रांगांत शंभराच्या आसपास. ओलसर, पाणी निथळून जाणारी जमीन त्याला आवडते. कोकणात आणि घाटमाथ्यावर अनेक घरांत भाद्रपदात याच तेरड्याची गौर आणतात. मुळासकट रोपं उपटायची, जुडी बांधायची, पावलं काढत घरात आणायची. हे पुस्तकात वाचून कोणी शिकलं नाही. सासूनं सुनेला, आईनं लेकीला दाखवलं.

लिहून ठेवण्याचं काम मात्र दुसऱ्यांनी केलं. सोळाव्या शतकात तेरडा युरोपातल्या बागांत पोहोचला होता. १५९७ साली इंग्लंडमध्ये जॉन जेरार्ड यांनी वनस्पतींचा मोठा ग्रंथ छापला, त्यात तो आहे. पुढे कोचीचे डच अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हीड यांनी मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ‘हॉर्टस मलबारिकस’ तयार केला. तो १६७८ पासून अॅमस्टरडॅमला छापला गेला. या कामात केरळचे वैद्य इट्टी अच्युतन होते आणि रंगभट, विनायक पंडित, अप्पुभट हे तीन कोकणी वैद्यही होते. या तिघांनी १६७५ साली नागरी लिपीत, कोकणी भाषेत दिलेलं प्रशस्तिपत्र ग्रंथात छापलेलं आहे. त्याच ग्रंथात तेरड्याच्या कुळातल्या झाडांना ‘ओणप्पू’, म्हणजे ओणमचं फूल, असं नाव आहे. पाहा, आपल्याकडे गौरीचं फूल, तिकडे ओणमचं. पाऊस तोच, सणाचे दिवसही जवळजवळ तेच. ग्रंथात वैद्यांची नावं राहिली. रानातून फुलं खुडून आणणाऱ्या बायांची नावं कोणी विचारली नाहीत.

१७५३ साली लिनियस यांनी तेरड्याला शास्त्रीय नाव दिलं ‘इम्पेशन्स बाल्समिना’. ‘इम्पेशन्स’ म्हणजे उतावळा. का, ते आपल्या पोरांना विचारा! पिकलेल्या बोंडाला बोट लावलं की ते टचकन फुटतं आणि बी दूर उडतं.

तेरडा पूर्वेकडेही गेला. कोरियात बायका-मुली याची फुलं-पानं वाटून नखांना बांधतात आणि नखं रंगवतात. मेंदीत जो रंगद्रव्याचा अंश असतो, तोच तेरड्यातही असतो. म्हणूनच हिंदीत त्याला ‘गुलमेहंदी’ म्हणतात. १९२० च्या सुमारास, कोरियावर जपानचं राज्य असताना, याच फुलावरचं एक गाणं तिथल्या लोकांच्या दुःखाचं गाणं झालं.

इकडे एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या माळ्यांनी पाकळ्यांची गर्दी असलेला ‘डबल’ तेरडा लोकप्रिय केला. आज रोपवाटिकेत कुंडीत मिळतो तो बहुधा त्याच वळणाचा. दिसायला छान, पण गौरीला लागणारा साधा एकेरी तेरडा वेगळा. त्याच्या फुलामागे बारीक, वाकडी शेपटी असते. तिच्यात मध असतो आणि त्यासाठी मधमाश्या, फुलपाखरं येतात.

आता आपल्या कामाची गोष्ट. तेरडा एका पावसाळ्याचं झाड आहे. पुढच्या वर्षी तो येतो तो फक्त बियांतून. गौरीसाठी आपण फुलावर असतानाच मुळासकट उपटतो, म्हणजे बी धरायच्या आधीच. पूर्वी बांध भरलेले असायचे, थोडं उपटलं तरी मागे पुष्कळ राहायचं. आता बांधावर तणनाशक मारलं जातं आणि ते तण आणि तेरडा असा भेद करत नाही. दोन्हीकडून असंच होत राहिलं, तर गौरीची जुडी बाजारातून विकत आणावी लागेल.

उपाय आपल्या परसात आहे. गौरी उठल्यावर दहा-पंधरा झाडं तशीच उभी ठेवा. बोंड फुगून पिवळसर झालं की मूठ झाकून अलगद तोडा, नाहीतर बी हातात यायच्या आधीच उडेल. सावलीत वाळवून कागदाच्या पुडीत ठेवा. मृगाचा पाऊस लागला की पाणी न साचणाऱ्या वाफ्यात, थोड्या सावलीत पेरा. वर मातीचा पातळ थर पुरे. साधारण दोन महिन्यांत फुलं येतात, म्हणजे ऐन गौरीच्या तोंडावर.

एक मात्र पाळा. कास पठारावर गुलाबी गालिचा पसरतो तो तेरड्याच्या दुसऱ्या जातीचा. ती जात पश्चिम घाटाच्या कातळावरचीच आहे. तिथून रोप किंवा बी आणू नका. बी आणायचं ते आपल्याच शिवारातून, आपल्याच बांधावरून.

गटाच्या पुढच्या बैठकीत बचतीच्या वहीसोबत बियांची एकेक पुडीही आणूया. एकीचं बी वाया गेलं तर दुसरीकडे असेल. तेरडा आजवर टिकला तो असाच, या हातातून त्या हातात जात.