कॅराव्हॅन ओढायची कोणी?

विल्यम गॉर्डन स्टेबल्स हा ब्रिटिश आरमारातला निवृत्त डॉक्टर. नोकरी सुटल्यावर मुलांसाठी साहसकथा लिहायचा. १८८५ मध्ये त्याने ब्रिस्टलच्या एका वॅगन कारखान्याकडून स्वतःसाठी चाकांवरचं घर बांधून घेतलं. उंची लाकूड, वजन सुमारे दोन टन, नाव ‘वाँडरर’. तोवर इंग्लंडमध्ये अशा घरात राहायचे ते जिप्सी आणि जत्रेतले खेळवाले. पोटापाण्यासाठी नव्हे तर हौसेसाठी गाडीत बिऱ्हाड थाटणारा हा साहेब लोकांना विक्षिप्तच वाटला असणार. ट्वायफर्डहून निघून तो थेट स्कॉटलंडातल्या इन्व्हर्नेसला पोचला. तेराशे मैलांच्या या प्रवासावरचं त्याचं पुस्तक पुढच्याच वर्षी आलं.

कॅराव्हॅनचा इतिहास सांगणारे बहुतेक जण स्टेबल्सपासून सुरुवात करतात आणि लगेच आतल्या फर्निचरकडे वळतात. मला मात्र पुढे जुंपलेल्या दोन घोड्यांचं कुतूहल जास्त. एक कॉर्नफ्लॉवर, दुसरा पी-ब्लॉसम. त्यांच्याही पुढे तीनचाकी सायकलवर फोली नावाचा नोकर, समोरून येणाऱ्यांना सावध करायला. गाडीत कसं राहायचं हे स्टेबल्सने एका उन्हाळ्यात ठरवून टाकलं. ती ओढायची कोणी, हा प्रश्न मात्र अजून मिटलेला नाही.

१९०७ मध्ये इंग्लंडात कॅराव्हॅन क्लब निघाला तो मुख्यतः घोडेवाल्यांचाच. घोड्याला दिवसाकाठी दाणावैरण हवी, रात्री निवारा हवा, चढाला जास्तीची जोडी हवी. पण त्याचा एक मोठा गुण होता: तो हळू चालायचा. ताशी तीन-चार मैलांच्या चालीत ओढणारा हलका की ओढली जाणारी जड, याने फारसा फरक पडत नाही. विंचेस्टरचा बर्ट्रम हचिंग्ज पहिल्या महायुद्धाआधी घोड्याच्या कॅराव्हॅन बांधायचा, आणि पुढे मोटारीमागे लावायच्या बांधू लागला. त्याच्यासारख्यांच्या कारखान्यात हा बदल सहज झाल्यासारखा दिसतो. दांडे काढायचे, हूक लावायचा. रस्त्यावर तो तेवढा सोपा नव्हता.

पहिल्या महायुद्धाने हजारो तरुणांना रुग्णवाहिका आणि लॉऱ्या चालवायला शिकवलं. परत आलेल्यांना मोटारीमागे काही जोडून नेण्याचं अप्रूप राहिलं नव्हतं. १९१९ मध्ये बर्मिंगहॅमच्या रायली बापलेकांनी एक्लेस नावाची वाहतूक कंपनी घेतली आणि मोटारीमागे जोडायच्या कॅराव्हॅन विकायला काढल्या. विकायला म्हणून नियमितपणे बांधलेल्या अशा पहिल्या कॅराव्हॅन त्यांच्याच मानल्या जातात. सुरुवातीच्या मोटारी जाड लोखंडी चौकटीवर उभ्या, इंजिन फारसं दमदार नाही, पण अंगाने भारी. १९२२ मध्ये ऑस्टिन सेव्हन आली आणि मोटार मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. ती इतकी चिमुकली की तिच्यासाठी कॅराव्हॅनलाच अंग चोरावं लागलं. विमानांशी संबंध आलेला मेजर फ्लेमिंग-विल्यम्स ‘कार क्रूझर’ या आपल्या कॅराव्हॅनच्या भिंती गोलसर करून वारा कापायच्या मागे लागला होता. घोड्यामागच्या उभट झोपडीला वाऱ्याचा विचार करायचं कारणच पडलं नव्हतं.

जर्मनीतली गोष्ट तर कोणी रचलेली वाटावी. इस्नी गावच्या डेथलेफ्स कुटुंबाचा धंदा चाबूक आणि स्कीच्या काठ्या बनवायचा. अरिस्ट डेथलेफ्सला विक्रीसाठी सतत फिरावं लागे, आणि त्याच्या वाग्दत्त वधूला, चित्रकार फ्रीडलला, बरोबर जायचं होतं. १९३१ मध्ये त्याने ‘वोनआउटो’ म्हणजे राहायची मोटार बांधली. जर्मनीतली पहिली कॅराव्हॅन ती हीच असं म्हणतात. घोडे रस्त्यावरून हटत चालले होते आणि चाबूकवाला मोटारीमागे जोडायचं घर बनवत होता.

ब्रिटनमध्ये १९३०च्या कायद्याने मोटारींवरची वेगमर्यादा उठली, पण मागे काही ओढणाऱ्या मोटारीला ताशी ३० मैलांची मर्यादा राहिली. या बंधनाने बरेच जीव वाचवले असतील असा माझा अंदाज आहे, कारण वेग वाढला तेव्हा दुखणं खरं उघडं पडलं.

दुसऱ्या महायुद्धानंतर सॅम आल्परने ‘स्प्राइट’ ही स्वस्त, हलकी कॅराव्हॅन काढली. कामगाराच्या, शिक्षकाच्या घरासमोर ती उभी राहू लागली. त्याच काळात मोटारीची जुनी चौकट जाऊन पत्र्याच्या पेटीसारखं एकसंध शरीर आलं. मोटार हलकी झाली, इंजिन तेज झालं, १९५९ मध्ये एम-१ हा मोटरवे सुरू झाला. ओढायला जोर भरपूर, सांभाळायला वजन कमी. मग रस्त्यावर दिसू लागली ती सापासारखी वळवळ, जिला कॅराव्हॅनवाले ‘स्नेकिंग’ म्हणतात.

होतं असं. शेजारून मोठी लॉरी जाते, हवेच्या लोटाने कॅराव्हॅनचं मागचं टोक जरासं सरकतं. हूकच्या गोळ्याभोवती ती फिरते, मोटारीची शेपूट उलट्या बाजूला ढकलते. मोटार सावरते, कॅराव्हॅन पलीकडे झुलते. कमी वेगात हा झोका आपोआप विरतो. एका विशिष्ट वेगाच्या वर मात्र प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होतो, आणि हा वेग त्या जोडीच्या वजनावर, लांबीवर, सामान कुठे ठेवलंय यावर ठरतो. चालकाचा हात आपसूक स्टिअरिंग उलटं फिरवायला जातो, आणि त्याने ते अधिकच बिघडतं. ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरून ठेवायचं आणि वेग आपोआप उतरू द्यायचा, हे वाचायला सोपं आहे.

यावरचा अर्धा उपाय आपल्या गाडीवानांना कळलेलाच होता. बैलगाडीत मागे जास्त भरलं की गाडी उलाळते, जू वर उचललं जातं. फार पुढे भरलं की बैलांच्या मानेवर येतं. म्हणून गाडी भरताना माल चाकाच्या आसाभोवती ठेवून किंचित पुढे झुकता ठेवायचा. कॅराव्हॅनचा नियमही हाच: हूकवर खाली दाबणारं वजन एकूण वजनाच्या साधारण ५ ते ७ टक्के असावं, आणि मोटारीच्या टो-बारला सोसेल त्याच्या आत. डबे आणि तंबू आसाजवळ, मागच्या कपाटात फक्त उशा-चादरी. हे वजन मोजायला ब्रिटिश कुटुंबं बाथरूममधला वजनकाटा अंगणात आणतात, त्यावर लाकडाचा ठोकळा उभा करतात आणि कॅराव्हॅनचं तोंड त्यावर टेकवतात. काट्याने ७५ किलो दाखवले की बाबा खूश, १२० दाखवले की आईने भरलेल्या डब्यांवरून चर्चा.

उरलेला अर्धा उपाय म्हणजे पुढचं जनावर जड निवडणं. ब्रिटिश क्लबांचा जुना सल्ला असा की भरलेल्या कॅराव्हॅनचं वजन मोटारीच्या स्वतःच्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवावं; हात बसलेल्याने हवं तर शंभरापर्यंत जावं. हा कायदा नाही. कारखानदार जो ओढण्याचा आकडा छापतो तो वेगळाच असतो: युरोपात मोटारीने ती जोड घेऊन १२ टक्के चढावर पाच मिनिटांत पाच वेळा थांब्यातून निघून दाखवायचं असतं. म्हणजे तो आकडा इंजिन आणि क्लचची परीक्षा सांगतो. सपाट मोटरवेवर साठ मैलांच्या वेगात कोण कोणाला हलवेल, याबद्दल तो गप्प आहे. नवखे लोक नेमका तोच आकडा पाहून मोटार घेतात. चढाची परीक्षाही १२ टक्क्यांवर थांबते. यॉर्कशरच्या सटन बँकचा चढ चारास एक, आणि तिथे कॅराव्हॅनला बंदीच आहे.

थांबण्याचा प्रश्न निराळ्या युक्तीने सुटला. मोटारीने ब्रेक लावला की मागची कॅराव्हॅन पुढे रेटते. त्या रेट्याने हूकजवळचा दांडा आत सरकतो आणि कॅराव्हॅनचे स्वतःचे ब्रेक ओढतो. उतारावर घोड्यांच्या अंगावर येणारा भारच इथे कामाला लावलाय. गंमत म्हणजे मागे घेतानाही दांडा आत जायचा आणि ब्रेक लागायचे, म्हणून पूर्वी कोणीतरी खाली उतरून खटका लावत असे. रिव्हर्समध्ये आपोआप सुटणारे ब्रेक ब्रिटनमध्ये १९८९ पासूनच्या नव्या कॅराव्हॅनवर सक्तीचे झाले. हूकच्या गोळ्याचंही असंच. जुन्या पिढीने तो ग्रीस लावून चकचकीत ठेवला. आताचे स्थिरक गोळ्याला घट्ट चिमटीत धरून घर्षणानेच झोका दाबतात, तेव्हा तोच गोळा पुसून कोरडा ठेवावा लागतो. सासऱ्यांनी मायेने लावलेलं ग्रीस जावयाने गुपचूप पुसायचं, हे दृश्य पुष्कळ अंगणांत घडलं असेल.

मोटारींची वंशावळ यानंतर भराभर पुढे जाते. सिट्रोएन डीएस तिच्या तेल-वायूच्या सस्पेन्शनमुळे मागे भार आला तरी बसत नसे, म्हणून कॅराव्हॅनवाल्यांची लाडकी. मग व्होल्वोच्या लांब इस्टेट, १९७० ची रेंज रोव्हर आणि पुढच्या डिझेल एसयूव्ही. वजन, टॉर्क, चारही चाकांना जोर. गवतावरच्या ओल्या तळातूनही बाहेर निघायची सोय. डिझेल एसयूव्हीला शहरात मी नावं ठेवतो, पण दीड टनाची कॅराव्हॅन ओढायला तिच्याइतकी शहाणी निवड क्वचितच कोणी शोधली.

आता विजेची मोटार आली आहे. कागदावर ती आदर्श जनावर: बॅटरीमुळे जड, भार खालच्या बाजूला, जोर पहिल्या क्षणापासून. तरी आधीच्या बऱ्याच मॉडेलांना ओढायची परवानगीच नव्हती. टेस्लाच्या मॉडेल एक्सला सव्वादोन टनांची होती, पण तिच्यासारख्या सुरुवातीला थोड्याच. आणि मागे कॅराव्हॅन लावली की एका चार्जमधलं अंतर निम्म्याच्या आसपास येतं. चार्जिंगची जागा बहुधा एका मोटारीपुरती, त्यामुळे आधी कॅराव्हॅन सोडून बाजूला लावा, मोटार चार्ज करा, परत जोडा. दाणापाण्याची चिंता अशी नव्या रूपात आली.

इस्नीच्या त्याच डेथलेफ्सने यावर उलटा विचार केला. चाबूकवाल्याच्या नावाच्या या कंपनीने कॅराव्हॅनच्याच आसाला विजेची मोटर आणि बॅटरी लावून एक प्रायोगिक गाडी बनवली. हूकवर ताण आला की ती स्वतः जोर लावते. २०२१ मध्ये एका विजेच्या ऑडीमागे ही जोडी इस्नीहून निघून आल्प्स ओलांडून इटलीतल्या गार्डा सरोवराकाठी पोचली, जवळपास चारशे किलोमीटर, वाटेत एकदाही चार्ज न करता. मागची गाडी स्वतःच चालू लागली, तर ८५ टक्के कशाचे धरायचे, हे क्लबांनी अजून ठरवायचं आहे.