रतलामची गटारे आणि रिकामी तिजोरी

१/ मध्य प्रदेशातील रतलाम, १९७२. एका वस्तीत गटारे नव्हती, पुरेशी सार्वजनिक शौचालये नव्हती. जवळच्या मद्यार्क कारखान्याचे दुर्गंधीयुक्त सांडपाणी रस्त्यावरून वाहत असे.

२/ अखेर रहिवासी दंडाधिकाऱ्यांकडे गेले. सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा आदेश २०२४ पर्यंत फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ खाली देता येत असे. रहिवाशांनी हेच कलम थेट नगरपालिकेविरुद्ध वापरले.

३/ दंडाधिकाऱ्यांनी त्यांच्या बाजूने आदेश दिला. सत्र न्यायालयाने तो फिरवला. उच्च न्यायालयाने पुन्हा कायम केला. नगरपालिका सर्वोच्च न्यायालयात गेली. तिचा बचाव असा : लोक परिस्थिती पाहूनच तेथे राहायला आले, शिवाय तिजोरीत पैसा नाही.

४/ २९ जुलै १९८० रोजी न्या. कृष्ण अय्यर आणि न्या. चिन्नप्पा रेड्डी यांनी हा बचाव फेटाळला. पैशाची चणचण ही वैधानिक कर्तव्य टाळण्याची सबब होऊ शकत नाही, असे ठरले. सांडपाणी रोखण्याचे व शौचालये बांधण्याचे आदेश निघाले.

५/ या निकालाला आठ वर्षे लागली. मात्र त्यानंतर स्वच्छता ही नगरपालिकेची मेहेरबानी उरली नाही. ती नागरिकाला न्यायालयामार्फत करवून घेता येणारी जबाबदारी ठरली.