ओसाड नकाशा

2004 साली 'लेव्हल अप'ने कोरियाचा 'रॅग्नारॉक ऑनलाइन' भारतात आणला. 2005मध्ये सिफीने 'ए3'. तेव्हा मीरा-भाईंदरच्या बहुतेक पोरांकडे ना क्रेडिट कार्ड, ना घरी धड ब्रॉडबँड. खेळायचं तर सायबर कॅफे. म्हणजे आधी कॅफेवाल्याचं तासाचं भाडं, मग उरलंच तर कंपनीला!

पण चीनमध्येही पोरं कॅफेतच बसायची, 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' तासाच्या कार्डावर खेळायची. 2010मध्ये त्या गेमचे जगभरात 1 कोटी 20 लाख ग्राहक होते. फरक गर्दीचा. या खेळात खरा माल राक्षस नव्हे, सोबतची माणसं. गिल्डमधले चौघे आले नाहीत की नकाशा ओसाड, आणि ओसाड नकाशासाठी पैसे कोण मोजणार?

इथले दोन्ही सर्व्हर पुढे बंद पडले. महिनोन्‌महिने वाढवलेला नाइट, त्याची तलवार... सगळं कंपनीच्या मशीनवर होतं. गेलं. सीडी तेवढी घरी राहिली.