गोलबर्नचा महाकाय मेंढा

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात, सिडनीच्या नैर्ऋत्येस सुमारे २०० किलोमीटरवर गोलबर्न हे शहर वसले आहे. ‘बिग मेरिनो’ हा काँक्रीटचा प्रचंड मेंढा ही या शहराची ओळख. त्याची उंची १५.२ मीटर, लांबी १८ मीटर आणि वजन ९७ टन. स्थानिक मंडळी त्याला ‘रॅम्बो’ या लाडक्या नावाने ओळखतात.

मेरिनो ही मूळची स्पेनमधील, तलम लोकरीसाठी प्रसिद्ध असलेली मेंढ्यांची जात. १७९७ मध्ये ती ऑस्ट्रेलियात आली आणि पुढील शतकात लोकर ही त्या देशाची प्रमुख निर्यात ठरली. गोलबर्नचा परिसरही लोकर व्यवसायासाठी ख्यातनाम आहे. त्याचे प्रतीक म्हणून १९८५ मध्ये हा मेंढा उभा राहिला. त्याच्या पोटात भेटवस्तूंचे दुकान आणि लोकरीच्या इतिहासाचे प्रदर्शन आहे.

रस्त्याकडेला अशा अवाढव्य प्रतिकृती उभारण्याची प्रथा ऑस्ट्रेलियात १९६०च्या दशकात रुजली. कॉफ्स हार्बर येथील ‘बिग बनाना’ हे भलेमोठे केळे १९६४ चे. फळांच्या दुकानापाशी मोटारी थांबाव्यात, एवढाच त्यामागील साधा हेतू होता. वाटसरूचे कुतूहल हेच या शिल्पांचे भांडवल.

या भांडवलाची मर्यादा गोलबर्नला लवकरच कळली. सिडनी-मेलबर्न हा ह्यूम महामार्ग पूर्वी शहरातून जात असे. १९९२ मध्ये बाह्यवळण रस्ता खुला झाला. वाहने बाहेरूनच जाऊ लागली आणि मेंढ्याकडे येणाऱ्या पर्यटकांची संख्या रोडावली. रस्ता परत आणणे अशक्य होते. अखेर मे २००७ मध्ये मेंढाच सुमारे ८०० मीटर अंतरावर, महामार्गाजवळ हलविण्यात आला.

त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या टपाल खात्याने अशा शिल्पांवर तिकिटे काढली. त्यांत या मेंढ्यालाही स्थान मिळाले. २००९ मध्ये क्वीन्सलँड राज्याने ‘बिग पाइनॅपल’ या १६ मीटर उंच अननसाची वारसा सूचीत नोंद केली. गिऱ्हाईक थांबविण्यासाठी उभारलेली ही शिल्पे कधीकाळी केवळ जाहिरात होती. आज मात्र त्यांच्यामुळे त्या-त्या गावाची ओळख पटते, आणि म्हणूनच वाट बदलली तरी त्यांना मोडीत न काढता जपले जाते.