महजर

महजर हे मराठेशाहीत आणि तिच्या आधीच्या दक्षिणी सुलतानशाह्यांत वतन, इनाम किंवा गावाची शीव यांविषयीचा वाद जमलेल्या सभेने निकालात काढल्यावर तयार होणारे साक्षपत्र असून ते बहुधा मोडी लिपीत, कागदाचे बंद एकाखाली एक जोडून लिहिले जाई. सभेतील पाटील, कुलकर्णी, चौगुला, बलुतेदार आणि परगण्याचे देशमुख-देशपांडे यांना गोत व सरकारी अंमलदारांना दिवाण म्हणत. निवाडा मान्य करू असा राजीनामा दोन्ही पक्ष आधी लिहून देत, जामीन देत आणि मग आपापली तकरीर, म्हणजे लेखी निवेदन, मांडत. साक्षी-पुराव्याने उलगडा न झाल्यास दिव्याचा, म्हणजे दैवी कसोटीचा, अवलंब होई. रवा दिव्यात उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा हाताने काढावा लागे. हरणारा पक्ष हक्क सोडल्याचे यजितखत लिहून देई, जिंकणारा सरकारात हरकी भरी आणि हरणाऱ्याकडून गुन्हेगारी वसूल होई.

महजराचे खरे बळ त्याच्या शेवटी असलेल्या निशाण्यांत होते. अक्षरओळख नसलेला पाटील नावापुढे नांगर काढी, शेटे तराजू काढी, न्हावी आरसा काढी आणि इतर बलुतेदारही आपापल्या हत्याराची आकृती रेखाटत; त्यामुळे गावातील कोणकोणत्या हक्कदारांनी निवाड्याला मान्यता दिली, हे कागद वाचता न येणाऱ्यालाही कळे. शिवेच्या वादात महारांच्या साक्षीला विशेष वजन असे, कारण गावच्या हद्दीची माहिती पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याकडे होती. ज्यांच्या शब्दावर गावाची जमीन राखली गेली त्यांनाच त्या गावाने वेशीबाहेर ठेवले, हा विरोधाभास या कागदांच्या अभ्यासकाने नजरेआड करू नये.

महजराला पूरक असा करीना हा घराण्याच्या हक्काची पूर्वपीठिका सांगणारा लेख असे. रोहिडखोऱ्यातील कारीच्या जेधे देशमुखांच्या करीन्यात वतनाच्या झगड्यांबरोबरच अफझलखानाच्या स्वारीत कान्होजी जेधे शिवाजी महाराजांच्या बाजूने उभे राहिल्याची हकीकत येते, म्हणजे हक्क शाबित करण्यासाठी सांगितलेली कहाणीच पुढे इतिहासाचे साधन ठरली.

हक्क कागदावर ठरू लागल्यावर बनावट कागदही निघाले. कालगणना ही त्यांची एक कसोटी होय: शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक शक इ. स. १६७४ मध्ये सुरू झाला, तेव्हा त्याआधीचा म्हणून दाखवलेल्या कागदावर तो शक आढळल्यास कागद संशयास्पद ठरतो. या संदर्भात मेक्सिकोतील तेचियालोयान हस्तलिखितांशी तुलना उद्बोधक आहे. स्पॅनिश सत्तेने जमिनींचे हक्क तपासून नियमित करण्याचा धडाका लावला तेव्हा, सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व अठराव्याच्या आरंभी, मेक्सिको व तोलुका खोऱ्यांच्या परिसरातील गावांनी झाडाच्या सालीच्या कागदावर चित्रे आणि नाहुआत्ल भाषेतील मजकूर असलेली, सोळाव्या शतकातील भासावीत अशी हक्कपत्रे तयार करवून घेतली. त्यांना केवळ खोटी म्हणून बाजूला सारणे योग्य नाही, कारण शिवेच्या खुणा, पूर्वजांची नावे व वस्ती बसल्याच्या आठवणी यांत गावाचे स्वतःविषयीचे ज्ञान साठलेले आहे. बनावट महजरालाही हाच न्याय लावावा: तो ज्या काळाचा म्हणून सांगितला जातो त्या काळाचा पुरावा नसला, तरी ज्या काळात रचला गेला त्या काळातील गरजेचा व भीतीचा पुरावा नक्कीच आहे.

इंग्रजी अमलात १८५२ च्या ११ व्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले, इनामदारांना आपले कागद हजर करावे लागले आणि पुरेसा पुरावा नसलेली अनेक इनामे खालसा झाली. जुने महजर व सनदा अचानक पुन्हा मोलाच्या ठरल्या. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून प्रसिद्ध केलेल्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेत असे बरेच कागद छापले गेले; याउलट गो. स. सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातून निवडून १९३० ते १९३४ या काळात काढलेल्या ४५ खंडांचा भर मुख्यतः राजकारणावर राहिला. गावकीच्या कागदांचा मोठा भाग पुण्याच्या पुराभिलेखागारात मोडी रुमालांतच, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांतच, आहे आणि तो वाचण्यासाठी मोडी जाणणाऱ्या वाचकांची आज तातडीने गरज आहे.